विस्तार करावा

आमच्या चौलमध्ये कुणी वारलं, तर लोकांना पूर्ण वाक्यात दुःख करावं लागतं. हे कासारेकाकांमुळे.

पूर्वी असं नव्हतं. गावच्या मोबाईल ग्रुपवर बातमी आली की पाच मिनिटांत तिच्याखाली ‘भा.पू.श्र.’ची रांग लागायची. काही जण त्यातही हात आखडता घेऊन नुसतं ‘भा.श्र.’ लिहायचे. एकदा नारळवाल्या पाटलांचे वडील गेले. एकतीस जणांनी भा.पू.श्र. लिहिलं. बत्तिसावा निरोप कासारेकाकांचा होता: ‘भा.पू.श्र. म्हणजे काय? विस्तार करावा. मयत ब्याऐंशी वर्षे पूर्ण जगले आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द पूर्ण लिहिण्यास कुणाची हरकत नसावी. आपला, भालचंद्र सखाराम कासारे.’

ग्रुपवर दहा मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. मग एकेक जण गुपचूप आपला निरोप पुसून पुन्हा लिहायला लागला. संध्याकाळपर्यंत एकतीस भावपूर्ण श्रद्धांजल्या जमल्या. त्यातल्या सात जणांनी श्रद्धांजलीतला ‘द्ध’ चुकवला, आणि काकांनी त्या सातही जणांना वेगवेगळे निरोप पाठवले. हे मला सातही जणांनी वेगवेगळं येऊन सांगितलं.

मला सांगितलं, कारण मी त्या ग्रुपची ॲडमिन आहे. हौसेनं झालेले नाही. चौल नाक्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यामुळे गावातल्या सगळ्यांचे नंबर माझ्याकडे, आणि त्यामुळे दोनशे माणसांचा ग्रुप माझ्या गळ्यात. पाणी आलं नाही, वीज गेली, कुणाची म्हैस सुटली, सगळं त्यावर. निवडणूक आली की मात्र म्हशीला कुणी विचारत नाही.

कासारेकाका रोज सकाळी सव्वादहाला दुकानात येतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत पॉलिश केलेले बूट. चौलमध्ये बूट फक्त लग्नातला नवरदेव आणि कासारेकाका घालतात. काम काहीच नसतं. बाकावर बसून ते माझ्या गिऱ्हाइकांचं बोलणं दुरुस्त करतात. ‘ताई, ओटीपी आलाय’ असं कुणी म्हणालं की बाकावरून आवाज येतो, ‘एकवेळचा परवलीचा शब्द आला, म्हणावं.’ ‘माझं केवायसी करायचंय’ म्हटलं की ‘तुमचं काय करायचंय? विस्तार करावा.’ तोपर्यंत त्या परवलीच्या शब्दाची मुदत संपते आणि गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं.

काका सगळी नोकरी एसटीत करून निवृत्त झाले, वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागली, कधी सुटणार हे माईकवरून सांगणारा माणूस. त्यांचा आवाज अजूनही तसाच आहे. ते ‘चहा घेणार का’ असं विचारतात तेव्हासुद्धा आपण सामान उचलायला वाकतो.

पूर्ण बोलण्याचं हे वेड त्यांना नोकरीतच लागलं. त्याची गोष्ट त्यांनी स्वतः मला सांगितली. नवीन असताना अलिबागला ते खिडकीत बसले होते. एक म्हातारी बाई बोचकं घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. भाच्यानं दिलेली चिठ्ठी तिनं पुढे केली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रेव.ला जाणे.’ काकांनी तिला सन्मानानं रेवदंड्याच्या गाडीत बसवून दिलं, खिडकीची जागासुद्धा मिळवून दिली. बाईला जायचं होतं रेवसला, तिथून लाँचनं मुंबईला, लेकीच्या बाळंतपणाला. रेवस एका टोकाला, रेवदंडा दुसऱ्या. बिचारी रेवदंड्याला उतरून लाँच कुठे लागते म्हणून विचारत फिरली. तिथल्या लोकांनी तिला किल्ला दाखवला.

‘दुसऱ्या दिवशी ती परत आली माझ्या खिडकीवर,’ काका सांगत होते. ‘मला वाटलं शिव्या देईल. तर म्हणाली, दादा, तुमची काय चूक, भाच्याने अर्धंच लिवलान. भाच्याने अर्धं लिहिलं होतं, स्मिताताई, पण उरलेलं अर्धं मी माझ्या मनानं लिहिलं. विचारायचं सुचलं नाही मला.’

त्या दिवसापासून काकांच्या घोषणा ऐकण्यासारख्या झाल्या. ‘अलिबागहून आक्षी, नागाव, चौल मार्गे रेवदंडा येथे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. रेवदंडा. रेवस नव्हे. पुन्हा सांगतो.’ पुन्हा सांगून होईपर्यंत गाडी नागावला पोचलेली असायची, असं जुने कंडक्टर म्हणतात. पण त्यांच्या खिडकीवरून चुकीच्या गावाला गेलेलं माणूस नंतर कुणाला भेटलं नाही.

आता अशा माणसाला राजकारणाच्या ग्रुपवर ठेवणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. दोन पॅनल. एकाचे पुढारी अनंत घरत. ते दर निवडणुकीआधी पाइपलाइनसाठी रस्ता खणतात आणि निवडणूक झाली की बुजवतात, म्हणून लोक त्यांना पाइपलाइन शेठ म्हणतात. दुसऱ्या पॅनलच्या पुढारी एक वहिनी. गावात झाड लावलं, बारसं झालं, कुणाची मोटरसायकल घसरली, कुठल्याही फोटोत त्या मधोमध उभ्या असतात. त्या फोटोवहिनी. ही नावं ग्रुपवर लिहायलासुद्धा लोकांना कंटाळा, म्हणून त्यांचे झाले पा.शे. आणि फो.व. मग पा.शे.चे च.मं., म्हणजे चमचे मंडळ. फो.व.ची टा.गँ., म्हणजे टाळ्या गँग. महिनाभरात अशी परिस्थिती आली की बाहेरच्या माणसानं आमचा ग्रुप वाचला असता तर त्याला वाटलं असतं, हे लोक औषधांच्या दुकानाची यादी करताहेत.

आणि प्रत्येक निरोपाखाली एक ओळ ठरलेली. ‘विस्तार करावा.’

‘पा.शे. हटाव, गाव बचाव’ असं कुणी लिहिलं की काका लिहायचे, ‘श्रीयुत अनंत धर्मा घरत यांना हटवावे असे आपले म्हणणे असल्यास तसे लिहावे. कारणेही द्यावीत.’ कारणं द्यायची म्हटल्यावर लिहिणारा गप्प. एकदा कुणीतरी लिहिलं, ‘ST आरक्षणाचं काय झालं ते आधी सांगा!’ त्यावर काकांचं उत्तर आलं, ‘एसटीचे आरक्षण खिडकी क्रमांक दोनवर मिळेल. येताना ओळखपत्र आणावे.’ हे त्यांनी खरंच चुकून लिहिलं की त्या माणसाला धडा शिकवायला, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं तेव्हा चष्मा पुसत बसले.

सगळ्यात कहर सभेच्या दिवशी झाला. फोटोवहिनींच्या एका कार्यकर्त्यानं निरोप टाकला: ‘जा.स. उद्या ५ वा. रा.मं. सर्वांनी येणे.’ काकांनी लगेच विचारलं, ‘रा.मं. म्हणजे काय? विस्तार करावा.’ कार्यकर्ता चिडून लिहितो, ‘ज्याला यायचंय त्याला बरोबर कळतं.’ दुसऱ्या दिवशी निम्मं गाव राम मंदिरात आणि निम्मं गाव रामेश्वर मंदिरात. वहिनी एकीकडे, माईक दुसरीकडे. फोटो काढणारा तर वाटेत सायकलवर, दोन्हीकडून फोन घेत. राम मंदिरातल्यांनी ठरवलं की रामेश्वरवाले फुटले, रामेश्वरवाल्यांनी ठरवलं की राम मंदिरवाल्यांना पा.शे.नी विकत घेतलं. कासारेकाका कुठेच गेले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून घरी उत्तराची वाट पाहत बसले होते.

झालं, लोक पिसाळले. माझ्या दुकानात शिष्टमंडळं यायला लागली. ‘ताई, त्या म्हाताऱ्याला काढ ना ग्रुपमधून. डोका पिकवलान त्याने.’ ‘आम्ही बोलतो काय, तो इचारतो काय!’ खरं सांगते, मलाही एकदोनदा मोह झाला. सकाळी डोळे उघडायच्या आत फोनवर तेवीस वेळा ‘विस्तार करावा’ वाचायला लागलं की देवमाणसाचंही डोकं फिरेल. एका दिवशी कंटाळून मी त्यांना म्हटलं, ‘काका, गंमत असते हो. जाऊ द्या की. टोपणनाव ठेवल्यानं कुणाचं काय जातं?’

काकांनी खिशातली दोन्ही पेनं सारखी केली. मग म्हणाले, ‘माझ्या वडिलांचं नाव सखाराम. गावातली मिसरूड न फुटलेली पोरं त्यांना सख्या म्हणायची. वडील सत्तर वर्षांचे, पोरगं पंधराचं. ए सख्या, नारळ उतरव. आमच्यातल्या कुणालाच पूर्ण नाव नव्हतं, स्मिताताई. नाव घरी ठेवून बाहेर पडायचं. मग आम्ही बौद्धवाडीत विहार बांधलं, आणि ज्यांनी श्रमदान केलं त्यांची नावं फरशीवर कोरली. सखाराम गोविंद कासारे. वडिलांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तर म्हणाले, एवढा लांब हाय माझा नाव?’

मी त्यांना चहा सांगितला. दुसरं काय करणार? त्यानंतर कुठलंही शिष्टमंडळ आलं की मी त्यांना झेरॉक्सची शाई संपलीय म्हणून सांगायचे. त्याचा काही संबंध नसायचा, पण लोक जायचे.

लोकांनीही सूड उगवलाच. काकांच्या ‘विस्तार करावा’चं त्यांनी ‘वि.क.’ करून टाकलं, आणि काकांचं नावच वि.क. पडलं. ‘वि.क. आले.’ ‘वि.क.ना विचारा.’ ते पहिल्यांदा ग्रुपवर वाचलं तेव्हा काकांनी नेमकं तेच केलं, ज्याची सगळे टपून वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, ‘वि.क. म्हणजे काय? विस्तार करावा.’ दोनशे माणसं दोन दिवस हसत होती. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

हसला नाही तो एकटा निखिल. आणि इथेच सगळं बिघडलं.

निखिल म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. खारघरला राहतो, कंपनीत नोकरी करतो. सुमनकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून बापलेकांना एकमेकांशिवाय कुणी नाही. काकू होत्या तेव्हा दोघांच्या मध्ये त्या दुभाष्याचं काम करायच्या. काका बोलले की त्याचं चार शब्दांत मुलाला सांगायचं, मुलगा बोलला की त्याची चार वाक्यं करून नवऱ्याला सांगायची. निखिलचं मतदान अजून चौललाच आहे आणि गावच्या राजकारणात त्याला भारी रस. तो खारघरला बसून ग्रुपवर पाइपलाइन शेठांशी भांडायचा.

वडिलांना लोक हसले याचा राग त्यानं पाइपलाइन शेठांवर काढला, कारण वि.क. हे नाव त्यांच्याच माणसांनी काढलं होतं. त्याने लिहिलं, ‘पा.शे. आणि त्यांच्या च.मं.ची लायकी सगळ्यांना माहितीय. FYI, या वेळी त्यांचा DJ वाजणार.’ बापाच्या बाजूनं लिहिलं होतं पोरानं. आणि बापानं काय करावं? दोनशे माणसांसमोर उत्तर दिलं: ‘श्रीयुत निखिल भालचंद्र कासारे, कुणाच्याही नावाची मोडतोड करू नये. आपल्या घरची ती रीत नाही. उरलेल्या इंग्रजी अक्षरांचा विस्तार करावा.’

निखिलनं लिहिलं, ‘बाबा plz.’

काकांनी लिहिलं, ‘प्लीजही पूर्ण लिहावे.’

त्याखाली ती बारीक करडी ओळ आली, निखिल कासारे यांनी ग्रुप सोडला. ॲडमिन म्हणून मी अशा शंभर ओळी पाहिल्या असतील. लोक रुसून जातात, जेवून परत येतात. निखिल परत आला नाही. ग्रुपवर आला नाही आणि गावालाही आला नाही.

आठ महिने गेले. कुणाच्या ना कुणाच्या कोर्टकचेरीमुळे निवडणूक पुढे ढकलली गेली होती, ती आता तोंडावर आली. रविवारी मतदान. काका रोज सव्वादहाला येत होते, पण बाकावरून फारसं काही दुरुस्त करत नव्हते. एका मुलीनं त्यांच्यासमोर फोनवर भावाला ‘एचबीडी’, म्हणजे हॅपी बर्थडे, म्हटलं तरी नुसते हसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘निखिल येणार ना मतदानाला?’

‘विचारलेलं नाही,’ काका म्हणाले. ‘दर रविवारी मी त्याला पत्र लिहितो. मोबाईलवरच, पण पत्र. इथली सगळी खुशाली कळवतो. तो उत्तर देतो. नाही असं नाही.’

‘मग काय अडलंय?’

काका उठून बाहेर रस्त्याकडे बघायला लागले. माईकवरचा तो आवाज कुठच्या कुठे गेला. ‘आता तो मला बाबा न्हाय बोलत,’ ते म्हणाले. ‘काय बोलतो ते सांगण्यासारखं न्हाय.’

मी ऐकतच राहिले. एक तर इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकत होते. दुसरं म्हणजे निखिलचा मला असा संताप आला की काय सांगू. म्हटलं, शिकलासवरलास, कंपनीत लागलास, आणि बापाला शिव्या लिहितोस? त्या दिवशी तो समोर असता तर मी स्टेपलर फेकून मारला असता.

दुसऱ्या दिवशी काका आले ते दोनशे पानी वही घेऊन. वहीला खाकी कव्हर, कव्हरवर पूर्ण नाव. आत पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ. डावीकडे लिहिलं होतं ‘संक्षेप’, उजवीकडे ‘विस्तार’.

‘स्मिताताई,’ ते म्हणाले, ‘मला ही अक्षरं शिकवा.’

‘कुठली?’

‘मुलं लिहितात ती सगळी. मतदानाला ये असं मला निखिलला लिहायचं आहे. माझ्या भाषेत लिहून पाहिलं. आता त्याच्या भाषेत लिहून बघतो.’

गावातल्या दोनशे माणसांना ज्यानं अर्धा शब्द लिहू दिला नाही, तो माणूस अर्धे शब्द शिकायला बसला होता. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि शाळा सुरू केली.

विद्यार्थी हुशार होता, फक्त प्रत्येक अक्षराकडे स्टँडवरून बघत होता. मी विचारलं, ‘जीएन म्हणजे काय असेल?’ तर म्हणाले, ‘गाडी नाही.’ मी म्हटलं, गुड नाइट. त्यांनी लिहून घेतलं. ‘बीआरबी?’ ‘बस रेवदंड्यात बंद.’ मी म्हटलं, बी राइट बॅक, म्हणजे आलोच परत. एलओएलला जरा विचार केला आणि म्हणाले, ‘लोक ओरडताहेत, लवकर.’ ते ऐकून मीच एवढी एलओएल झाले की पाणी प्यावं लागलं. एफवायआयचा अर्थ सांगितल्यावर मात्र नाराज झाले. ‘तुमच्या माहितीसाठी? मग त्यात रागावण्यासारखं काय होतं? मी उगीच बोललो त्याला.’ तेही लिहून घेतलं. अक्षर असं की छापल्यासारखं.

दीड पान भरलं. मी म्हटलं, ‘आता टीसी लिहा.’

‘ते मला येतं,’ काका पटकन म्हणाले. ‘पुढचं सांगा.’

‘काय येतं?’

‘टीसी. ट्रॅफिक कंट्रोलर. आमच्या पदाला स्टँडवर सगळे टीसीच म्हणायचे. मला कधी आवडलं नाही. पुढचं सांगा.’

‘अहो, ते तुमच्या स्टँडवर,’ मी म्हटलं. ‘मोबाईलवर टीसी म्हणजे टेक केअर. काळजी घ्या.’

काकांचं पेन थांबलं.

‘कुणी?’ त्यांनी विचारलं.

‘कुणी म्हणजे? ज्याला लिहिलंय त्यानं.’

त्यांनी वही बाजूला ठेवली. खिशातून फोन काढला, चष्मा वर केला, खाली केला, आणि फोन माझ्यापुढे धरला. वर त्यांचं रविवारचं पत्र होतं. ‘चिरंजीव निखिल यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व कुशल. परसातल्या पपईला फळे धरली आहेत. तुझ्या खोलीचे पंखे पुसून घेतले.’ त्याखाली निखिलचं उत्तर. ‘ok tc.’

‘हे काय आहे?’ काकांनी विचारलं. ‘नीट वाचून सांगा.’

‘बरं. काळजी घ्या.’

‘ओके, टीसी असं नाही?’

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ महिने हा माणूस समजत होता की पोरानं बाप म्हणायचं सोडलं, आणि स्टँडवरची माणसं पाठीमागे म्हणायची तसं तो आता आपल्याला टीसी म्हणतो. ओके, टीसी. कळलं, साहेब, पुढे चला. ‘लहानपणी मी अभ्यासावरून ओरडलो की तो आईला तसंच बोलायचा,’ काका म्हणाले. ‘आला बघ टीसी घरी. तेव्हा ती हसायची. मला वाटलं, आता तो तसंच बोलतो, फक्त हसायला ती न्हाय.’

‘मग विचारलं का नाही तुम्ही?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘साऱ्या गावाला विचारता, मढ्यावरच्या माणसांना विचारता. पोटच्या पोराला विचारता आलं नाही?’

‘त्याने विस्तार केला असता म्हणजे?’ काका म्हणाले.

ते फोन वर सरकवत राहिले. एक रविवार, त्याच्या आधीचा रविवार, त्याच्या आधीचा. पपई, विहिरीचं पाणी, पंखे, भिंतीचा रंग, आणि प्रत्येक पत्राखाली तेवढंच. ते बोटानं मोजत होते, ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, ‘चौतीस वेळा काळजी घ्या म्हणाला पोरगा. आणि मी एकदाही बरं म्हटलं नाही.’

मग त्यांनी फोन लावला. त्यांना कानाला लावून बोलता येत नाही, ते नेहमी मोठ्या आवाजावरच बोलतात, त्यामुळे मला उठून जायलाही सुचलं नाही. दुपारचे बारा वाजले होते. इतक्या वर्षांत कामाच्या वेळात त्यांनी मुलाला कधी फोन केला नव्हता. दोनदा वाजला आणि लगेच उचलला गेला.

‘बाबा?’ निखिल म्हणाला. ‘काय झालं? बरे आहात ना? बाबा?’

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी फोनवर ते आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगतात, मग गाव, मग विषय. या वेळी काहीच आलं नाही. तिकडे निखिल घाबरून हाका मारत होता. मी खुणेनं म्हटलं, बोला.

‘घेतो,’ काका म्हणाले.

‘काय घेता?’

‘घेतो रे. घेतो.’ त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. ‘काळजी घेतो. आणि मतदानाला ये, नको येऊ, तुझी मर्जी. कुणाला मत द्यायचं तेही तुझी मर्जी. पण जेवायला ये. ओले बोंबील आणतो. तुझ्या आईसारखे होणार न्हाईत, पण तू ये.’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि निखिल म्हणाला, ‘शनिवारी दुपारीच निघतो, बाबा. तुम्ही तळू नका, हात भाजून घ्याल. मी आल्यावर तळतो.’

‘बरं,’ काका म्हणाले. ‘बरं.’

मी उठले आणि झेरॉक्सचं मशीन सुरू केलं, म्हणजे निदान माझं रडणं तरी कुणाला ऐकू जाऊ नये. काचेवर काहीच ठेवलं नव्हतं. त्या दुपारी मी कोऱ्या कागदाच्या अकरा प्रती काढल्या.